पाचवं घर

"पाचवं अजून बंदच हाय, दादा," शालन म्हणाली आणि चहाचा कप माझ्यासमोर ठेवून खिडकीकडे वळली.

मी चमच्यानं साय बाजूला करत बसलो. चहावर साय नव्हतीच.

तिला नववा लागला होता. एक हात कमरेवर ठेवून ती हळूहळू चालायची. खिडकीच्या चौकटीवर, वरच्या कोपऱ्यात, कुंभारणीनं मातीची पाच घरं बांधली होती, एकाला एक लागून. कुंभारीण म्हणजे ती दोऱ्यासारख्या कमरेची माशी, जी ओल्या मातीचे गोळे तोंडातून आणून भिंतीवर बोटभर लांबीची घरं लिंपते. पाचांतल्या चार घरांना गोल भोकं पडली होती. आतली पिल्लं मोठी होऊन उडून गेली होती. पाचवं घर तेवढं गुळगुळीत आणि बंद होतं. शालननं कुंकवाचा करंडा उघडला, बोटावर कुंकू घेतलं आणि रोजच्यासारखं पाचही घरांना लावलं.

"तुम्हाला किड्यातलं कळतंय," ती पाठमोरीच म्हणाली. "येईल न्हवं ती?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी घड्याळजी. कोल्हापुरात एका बोळात आमचं दुकान आहे, शिंत्रे वॉच कंपनी. कंपनी म्हणजे मी, एक टेबल आणि एक स्टूल. वडिलांनी धंद्यातला पहिला नियम शिकवला तो असा, की घड्याळ उघडलं होतं हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. झाकणावर ओरखडा नको, स्क्रूच्या खाचेत खरचट नको. हे मला इतकं जमलं की त्याचा माज चढला. उघडायचं, आत बघायचं, बंद करायचं. जगात कशालाच काही होत नाही.

डोळ्याला भिंग लावून वीस वर्षं काढलेल्या माणसाला छंद तरी कसला लागणार? मी किड्यांचे फोटो काढू लागलो. मुंगीच्या डोळ्यावरचे केस दिसावेत, डासाच्या पंखावरचे खवले मोजता यावेत, इतक्या जवळून. बायको म्हणायची, "माणसांचे फोटो काढायला गेलात की डोकी कापता, आणि ढेकणाचं काय ते कौतुक." तिचं खोटं नव्हतं.

निवृत्ती होडगे माझं गिऱ्हाईक. आजऱ्याच्या पुढे एका वाडीत त्याचं घर, आणि काजूच्या फेऱ्या मारणारा टेम्पो. एकदा घड्याळाला पट्टा बसवून घेताना त्यानं भिंतीवरचे फोटो पाहिले आणि म्हणाला, "आमच्याकडं या की. किड्यांची जत्राच हाय." मग दुकान बंद असायचं त्या दिवशी, रविवारी नाहीतर सोमवारी, मी मोटारसायकलवरून तिकडे जाऊ लागलो. त्याची बाहेरची खोली त्यानं मला दिली. शालन त्याची बायको. दोन वेळा दिवस राहून तिचं पोर गेलं होतं, एकदा चौथ्या महिन्यात, एकदा सातव्यात. हे मला तिची सासू गौराक्का हिनं सांगितलं, तेही शालन पाणी आणायला गेल्यावर, हळू आवाजात.

नवरात्रात माझ्या खोलीच्या खिडकीत कुंभारीण माती आणू लागली. गौराक्कानं ते पाहिलं आणि हातातला झाडू खाली ठेवला.

"कुंभारीण घर बांधती त्या घरात पाळणा हालतो," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा न्हाई. दादा, तुम्ही बी."

"मी कशाला हात लावीन?" मी म्हणालो.

शालन रोज सकाळी येऊन बघायची. मीच तिला सांगितलं होतं, की कुंभारीण प्रत्येक घरात कोळी भरून ठेवते, अंडं घालते, तोंड लिंपून टाकते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती नसते. शालनला ते फार लागलं.

"मग त्यांच्याकडं बघायचं कुणी?"

"कुणीच नाही. ती आपली आपण येतात."

"असं कसं. मी बघते की," ती म्हणाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आणि निवृत्ती तपासणीला गडहिंग्लजला गेले. गौराक्का शेताकडे गेली होती. खोलीत मी, कॅमेरा आणि ती खिडकी. दिल्लीच्या एका संस्थेची मोठी स्पर्धा होती आणि बंद घराच्या आतला, जिवंत अळीचा फोटो मी तरी कुठे पाहिला नव्हता. मी दाढीच्या पात्यानं पाचव्या घराला नखाएवढी खिडकी पाडली. कापलेला तुकडा कुंकवासकट अलगद उचलून कागदावर ठेवला.

आत सात कोळी होते. मेलेले नव्हते. कुंभारीण त्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही, म्हणजे पिल्लाला ताजं खायला मिळतं. त्यांचे डोळे फ्लॅशमध्ये चमकत होते. त्यांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी एका कोळ्याच्या पोटाला तोंड लावून होती. तिचं तोंड मला दिसेना. मी घड्याळाचा चिमटा घेतला आणि तिला जराशी वळवली. जराशीच. केसाएवढ्या स्प्रिंगा मी त्याच चिमट्यानं उचलतो. ती वळली. मी चाळीस फोटो काढले, तुकडा ओल्या मातीनं जागेवर बसवला, बारीक ब्रशानं सांधा पुसला. संध्याकाळी शालननं येऊन त्याच जागी नवं कुंकू लावलं. तिला काही कळलं नाही आणि मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तेव्हा अळीच्या कुशीवर एक स्वच्छ थेंब दिसला. नुसत्या डोळ्यांना तो दिसला नसता, भिंगातूनही कदाचित नाही. थेंबाच्या खाली चिमट्याच्या टोकाचा खळगा होता. कातडी फुटली होती. तिच्या आत जे काही होतं ते बाहेर येत होतं, आणि तो थेंब फोटोत इतका सुंदर आला होता की मी तोच फोटो निवडला. कोपऱ्यात कुंकवाचा एक कण पडलेला होता, विटेएवढा दिसत होता. तोही मी राहू दिला. पांढऱ्याशेजारी लाल बरा दिसतो. स्पर्धेच्या अर्जावर 'फोटोसाठी कोणत्याही जिवाला इजा केलेली नाही' असं छापलं होतं. त्याखाली मी सही केली. हात कापला नाही. आमचे हात कापत नाहीत.

तर शालन मला विचारत होती, येईल न्हवं ती?

तेवढ्यात निवृत्ती आत आला. "दादा, तुम्हीच सांगा हिला. डॉक्टरनं सांगितलंय, पोटातलं पाणी कमी झालंय, येऊन भरती व्हा म्हणून. ही म्हणती, पाचवी उडाल्याबिगर हालायची न्हाई."

"असं न्हवं," शालन म्हणाली. "चार गेल्या. ही एकटी राहिलीय. तिची आय बी न्हाई हितं. तिला अशी बंद ठेवून मी जायचं, आणि मग माझं..." ती थांबली. "दोनदा हात रिकामे घेऊन आले मी त्या दवाखान्यातनं. तुम्ही सांगा दादा. ती येणार नसली तर तसं सांगा. मी आत्ता पिशवी भरते."

निवृत्ती माझ्याकडे बघत होता. दारात गौराक्का उभी होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की अग ती मेली आहे, मी मारली आहे, हा कसला अपशकुन नाही, माझा चिमटा लागला. दोन वाक्यं. पण स्पर्धेचा निकाल त्या आठवड्यात होता, आणि हात लावणार नाही असं मी गौराक्काच्या तोंडावर सांगितलेलं होतं.

"येईल," मी म्हणालो. "थंडी पडायला लागली की जरा उशीर होतो त्यांना."

शालनचा चेहरा उजळला. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि दोन-चार दिवस."

परतताना मी स्वतःला समजावत होतो. दोन दिवसांत ती कंटाळेल, निवृत्ती रागावून घेऊन जाईल, गौराक्का काहीतरी अंगारा काढेल. निवृत्तीचा नंबर माझ्या वहीत होता. सोमवारी मी वही उघडली आणि बंद केली. मंगळवारी उघडलीच नाही. गुरुवारी दिल्लीहून फोन आला, पहिलं बक्षीस. परीक्षकांना अळीवरचा दवाचा थेंब विशेष आवडला होता. फोनवरच्या बाईंनी विचारलं, तो लाल कण कशाचा? मी म्हणालो, आमच्याकडची माती लाल आहे. दुकानात पेढे वाटले. बायकोनं प्रथमच कौतुक केलं. शुक्रवार, शनिवार असेच गेले.

रविवारी मी वाडीत पोचलो तेव्हा मनात म्हणत होतो, ती गेलेली असू दे. शालननंच दार उघडलं. तिच्या पावलांना सूज आली होती, चपला चढत नव्हत्या.

"तुम्ही म्हणालासा उशीर होतोय म्हणून थांबले," ती म्हणाली. मग घरात कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "कालपास्नं पोटात हालचाल कमी वाटती, दादा."

तेव्हासुद्धा मी खरं बोललो नाही. मी म्हणालो, "शालन, मला गरम चहा दे आधी." ती आत गेली. माझ्याकडे घड्याळाच्या पट्ट्याला भोक पाडायचं हत्यार होतं. मी स्टुलावर चढलो आणि पाचव्या घराला बाकीच्या चारांसारखंच गोल भोक पाडलं. कडा ब्रशानं साफ केल्या. दोन मिनिटं लागली नसतील.

"शालन," मी हाक मारली. "बघ इकडे."

ती चहा तसाच टाकून आली. वर बघितलं, दोन्ही हात जोडले आणि रडायला लागली. गौराक्का धावत आली, तीही रडायला लागली. निवृत्तीनं विचारलंच नाही काही, त्यानं टेम्पो चालू केला. पंधरा मिनिटांत पिशवी भरून झाली. ती मीच टेम्पोत ठेवली. बसता बसता शालननं मागे वळून विचारलं, "उडताना दिसली का तुम्हाला?"

"दिसली," मी म्हणालो.

मुलगी झाली, त्याच दिवशी, पोट चिरून. जगली. पण रडली नाही, निळी पडली होती आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. निवृत्तीनं फोनवर सांगितलं, "डावा हात आणि पाय जरा कमी हालतोय. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर."

त्यानंतर मी त्या वाडीला गेलो नाही. मोटारसायकल विकली, पाठ दुखते असं सांगितलं. कुंभारणीचा मातीचा गोळा घेऊन उडतानाचा एक साधा फोटो मी शालनला पोस्टानं पाठवला होता, तो तिनं चौकट करून लावला असं निवृत्ती सांगायचा. बक्षिसाचा फोटो मात्र दुकानात माझ्या खुर्चीच्या मागे लागला. दर दिवाळीला झाडलोट करताना वाटे, काढून टाकावा. पण गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून वाहवा करत, आणि मी झाडून पुन्हा तिथेच टांगे. असा मी.

अकरा वर्षांनी एका दुपारी शालन दुकानाची पायरी चढून आली. मागून मुलगी. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. मुलगी एकेका पायरीवर उजवा पाय टाकायची आणि डावा वर ओढून घ्यायची. डावा हात छातीशी दुमडलेला.

"ही तनुजा," शालन म्हणाली. "मोठ्या डॉक्टरला दाखवायला आणली होती. म्हटलं दादांस्नी भेटूनच जावं. हिचं घड्याळ बी बंद पडलंय."

शालन अंगानं सुटली होती, कानापाशी केस पांढरे झाले होते. तिनं पिशवीतून घनसाळ तांदळाची थैली काढून टेबलावर ठेवली. चांगली पाच किलोंची होती.

"हे कशाला?" मी म्हणालो.

"असू द्या. तुम्हाला एक सांगायचं हुतं. लई दिवस मनात हाय." ती स्टुलावर टेकली. "औंदा खिडकी बदलली आम्ही. सुतारानं कुंभारणीची घरं सोडवून हातात दिली. चारांत नुसती सुकी टरफलं हुती. पाचव्यात अळी हुती. वाळलेली. आणि भोकाची माती आतच पडलेली. आतनं पाडलं असतं तर बाहेर पडली असती न्हवं?"

मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"मग समजलं. ती कवाच उडाली न्हवती. भोक तुम्ही पाडलासा. मी दवाखान्यात जावं म्हणून." तिनं डोळ्यांना पदर लावला. "मी खुळ्यागत बसून राहिले हुते. तुम्ही ती युक्ती केली नसतीसा तर ही आज नसती. सासूबाईंनी, ह्यांनी, सगळ्यांनी मला सांगून बघितलं हुतं. तुमच्याच ध्यानात आलं, मला कसं उठवायचं ते. ह्यांस्नी बी सांगितलं न्हाई मी. म्हटलं, आधी दादांच्या पाया पडून येते."

आणि ती खरंच वाकू लागली. मी खुर्ची मागे सरकवून उठलो. "चहा सांगू?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तनुजाला आमच्या बोलण्यात रस नव्हता. ती टेबलावरचं भिंग बघत होती. "काका, हे डोळ्याला कसं लावायचं?"

मी सुटल्यासारखा तिच्याकडे वळलो. भिंग लावून दिलं. तिनं आधी स्वतःची नखं पाहिली, मग बंद घड्याळाचा काटा पाहिला, मग पाय ओढत भिंतीपाशी गेली आणि बक्षिसाच्या फोटोला नाक लावून उभी राहिली.

"हे काय हाय?"

"अळी आहे एक. जुना फोटो आहे."

"आणि हा थेंब?"

"दव."

ती बराच वेळ बघत राहिली. पोर हुशार होतं. शाळेत वर्गात पहिली येते हे निवृत्तीनं मला फोनवर सांगितलेलं होतं.

"आई, हे बघ," ती म्हणाली. "ह्यात कुंकू हाय."

"कुंकू कशाला असंल अळीजवळ," शालन म्हणाली, पण उठली. मुलीनं भिंग काढून तिच्या हातात दिलं. शालनला ते डोळ्यात धरता येईना, तिनं ते चष्म्यासारखं हातानं धरलं. लाल कणापाशी गेली. मग अळीपाशी. मग मातीच्या कापलेल्या कडेपाशी, जिथे पात्याची सरळ रेघ दिसते.

'लाल माती आहे' हे शब्द माझ्या जिभेवर होते. अकरा वर्षं वापरून गुळगुळीत झालेले. शालननं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ते मला म्हणता आले नाहीत.

"कुंकूच आहे," मी म्हणालो. "तुझं."

"कवा काढला?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही गडहिंग्लजला गेला होता."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. दसरा, दिवाळी, त्यापुढचे आठवडे. दुकानातली भिंतीवरची घड्याळं टिकटिक करत होती, त्यांचा मला कधी नव्हे तो त्रास झाला.

"म्हंजे मी इचारलं तवा तुम्हाला ठावं हुतं."

"होय."

"थंडीचं म्हणालासा."

"होय."

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. भिंग टेबलावर ठेवलं, काच वर करून, जपून. मग म्हणाली, "त्याच दिशी सांगितलं असतंसा तर मी त्याच दिशी गेले असते, दादा. रागावले बी नसते."

तनुजा आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "काय झालं, आई?"

"काय न्हाई. चल, एसटी चुकंल."

"आणि माझं घड्याळ?"

शालन दारात थांबली. "काका करून ठेवतील," ती म्हणाली. "बाबा घेऊन जातील."

त्या दोघी पायऱ्या उतरल्या. उतरताना मुलीचा डावा पाय आधी, मग उजवा. शालननं मुलीचा हात धरला नाही. तिला एकटीला उतरता येत असावं.

घड्याळात काही नव्हतं, सेल संपला होता. मी तो बदलला. निवृत्ती अजून आला नाही, त्याला आता दोन वर्षं होतील. घड्याळ खणात चालू आहे. सेल संपला की मी नवा घालतो. फोटो भिंतीवरून काढला, त्या जागी चौकोन तेवढा पांढरा राहिला आहे. तांदूळ शिजवायचा धीर झाला नाही. परवा बायकोनं डबा उघडून सांगितलं, तांदळात टोके किडे झालेत, एरवी असतात तर कॅमेरा घेऊन बसला असतात. मी म्हणालो, उन्हात ठेव, निघून जातील.